अठ्ठेचाळीस श्वास

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी राजूरला शाळेत शिकवत होते. नवरा संगमनेरला नोकरीला, रविवारचा यायचा. घरात मी आणि माझी चार वर्षांची लेक. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

लेक जन्मली तेव्हा तिचा श्वास भराभर चाललेला बघून मी रडून गोंधळ घातला होता. नर्सबाई हसल्या होत्या. "अहो, तान्ह्या बाळाचा असाच चालतो. मिनिटाला पन्नासपर्यंत गेला तरी घाबरायचं नाही." तो पन्नासचा आकडा मी पक्का पाठ करून ठेवला.

त्या दिवशी पोरीला ताप होता, खोकला होता. शेजारच्या मावशी रानात जाता जाता डोकावल्या. शेतकरी घरातली साठीची बाई. पोरीचा झगा वर करून बघत राहिल्या.

"बाई, पोरीचं पोट उडतंय. बरगडीखाली खड्डा पडतोय बगा. बिब्बा घालायचा, का दुसरं काई हाय तुमच्याकडं?"

बिब्बा! माझं डोकंच फिरलं. पोटावर बिब्ब्याच्या चटक्यांचे डाग असलेली कितीतरी पोरं माझ्या वर्गात होती. "हात लावायचा नाही माझ्या पोरीला," मी म्हटलं. "मला कळतं काय करायचं ते." घड्याळ काढलं आणि त्यांच्या देखत श्वास मोजले. अठ्ठेचाळीस. "बघा, पन्नासच्या आत आहेत." मावशी पोरीचा झगा खाली ओढून रानाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी काढे पाजत आणि श्वास मोजत बसले. पोरगी पाणीसुद्धा घेईना, तेव्हा कुठे दवाखान्यात नेली. डॉक्टरांना तोंड वर करून आकडा सांगितला. ते ओरडलेच.

"अहो, तो तान्ह्या बाळाचा आकडा! चार वर्षांच्या पोरीचा पंचविसाच्या आसपास हवा. तुमचा-माझा पंधरा-सोळा. न्युमोनिया झालाय हिला. कालच का नाही आणलंत?"

जीपमधून तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात, अकोल्याला नेताना तिच्या नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळसर पडले होते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. काल मावशींनी सांगितलं होतं, हे एकच डोक्यात घोळत होतं.

आठ दिवस सुया टोचल्या. वाचली बाई माझी पोर.

घरी आलो तशा मावशी आल्या. मी त्यांच्या पाया पडले. "चुकलं माझं. तुमचं ऐकायला हवं होतं."

"माजं काय ऐकायचं?" त्या पोरीच्या पोटाकडंच बघत होत्या. "माज्या दोन पोरांचं असंच पोट उडत हुतं. दोगांनाबी बिब्बा घातला मी. न्हाई ऱ्हायली. म्हनून तर आले हुते. म्हटलं, बाई शिकल्याली हाय, हिला दुसरं काई ठावं असंल."