पिनियनला सात दात होते

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतोय, लिहायची हिंमत आज होतेय. आधीच सांगतो... मी या गोष्टी मानत नाही. आमच्या घरी गाडीला लिंबू-मिरची बांधतात, आई नजर काढते, आणि मी कोपऱ्यात बसून हसायचो. मी मेकॅनिकल इंजिनियरिंगला आहे. घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. त्यामुळे काहीही झालं तरी त्याला कारण असतं, असं मी आजही मनापासून म्हणतो. फक्त एका गोष्टीचं कारण मला सापडत नाही. आणि खरं सांगू का, त्या गोष्टीची मला भीती कमी वाटते, लाज जास्त वाटते. म्हणून इतका उशीर.

आम्ही बुरहानपूरचे. पप्पांचा स्वतःचा एक जुना सहाचाकी ट्रक आहे, तेच चालवतात. काम केळीचं. बाकीचे ट्रक डांबरी रस्त्यावर उभे राहतात आणि शेतातून माल ट्रॅक्टरने बाहेर येतो. पप्पा मात्र ट्रक थेट शेतात नेतात. घड एकदाच उचलायचा, एकदाच ठेवायचा... केळीला डाग पडत नाही, म्हणून शेतकरी त्यांनाच बोलावतात. त्यासाठी त्यांनी मोठे टायरही टाकून घेतलेत.

मागच्या हिवाळ्यात ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन तुटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — इंजिनाकडून येणारा शाफ्ट एका लहान दातेरी गियरला फिरवतो, तो पिनियन. पिनियन एका मोठ्या गियरला फिरवतो, तो क्राउन. क्राउनमुळे चाकं फिरतात. आमच्या क्राउनला एकेचाळीस दात. पिनियनला सहा दात असले तर शाफ्टचे जवळजवळ सात फेरे झाल्यावर चाक एकदा फिरतं — जोर जास्त, वेग कमी. सात दात असले तर सहाच्या आत काम होतं — वेग जास्त, जोर कमी. एवढंच.

खंडवा रोडवर रऊफ चाचांचं गॅरेज आहे. पप्पांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच. त्यांच्या फळीवर सहा-एकेचाळीसचा एक चांगला जोड होता, तोच बसवायचं ते म्हणाले. मी सुट्टीवर आलेलो होतो. वहीत दोन पानं गणित करून नेलं होतं.

"चाचा, सात डालो. डिझेल बचेगा, हायवे पे गाडी भी भागेगी. मैंने निकाला है, चढाई भी चढ जाएगी."

चाचांनी वही हातात घेतली नाही, हात ग्रीसचे होते. वाकून बघितली. "रोड पे चलानी है तो सात ठीक है बेटा. तेरे पापा खेत में जाते हैं. छह लगेगा."

"अंदाजे से नहीं होता चाचा, इसका फॉर्म्युला होता है. आप स्कूल गए होते तो..."

वाक्य मी अर्धवटच सोडलं, पण सगळ्यांना कळलं. तिथे तीन-चार ड्रायव्हर उभे होते, एक जण हसला. पप्पा माझ्या शेजारीच होते. पप्पा चौथीपर्यंत शिकलेत. ते माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाले, "टाका सात. बाप्पा, याचं शिक्षण कामाला येईन तरी कवा?"

आता ते गणित कसं केलं होतं ते सांगतो. वजन मी आरसी बुकात लिहिलेलं धरलं होतं. पप्पा खरंच किती भरतात हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं नाही कारण उत्तर मला माहीत होतं, लहानपणापासून बघत आलोय, आणि ते वजन धरलं की सात दातांचं उत्तर चुकत होतं. टायरही जुन्या मापाचे धरले. मोठ्या टायरने जोर अजून कमी होतो, हे आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवलंय. मला चुकून चूक झाली नव्हती. मला फक्त एकदा बरोबर यायचं होतं.

चाचांनी बाजारातून सात-एकेचाळीसचा जोड मागवला. बसवायच्या आधी दात मी स्वतः मोजले. फोटो काढला, तो अजून मोबाइलमध्ये आहे. बसवल्यावर तपासलंही... मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रल. शाफ्टवर खडूची खूण करायची, उचललेलं चाक दोनदा फिरवायचं (एकच चाक मोकळं असलं की त्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक) आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. सहाला थोडे कमी आले. म्हणजे सात दात. आठ दिवस गाडी रस्त्यावर छान पळाली. पप्पा खूश होते.

नवव्या दिवशी फोपनार गावाकडे माल भरायला गेलो. मी मुद्दाम सोबत गेलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील, ऊन स्वच्छ होतं. शेतातून बाहेर येताना एक कोरडा नाला लागतो, त्याच्या पलीकडे मुरमाचा चढ. मागे सुपडू भाऊ — कटाईवाल्या टोळीचे मुकादम — आणि मी, हातात लाकडी ठोकळे घेऊन. गाडी मागे आली तर चाकाखाली लावायला.

अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज बसला. क्लच जळायचा वास आला. गाडी थांबली, आणि मग मागे सरकायला लागली. ब्रेकचे दिवे लागलेले दिसत होते, तरी सरकत होती, मुरमाचे खडे चाकाखालून घरंगळत होते. मी माझा ठोकळा टाकला, तो चाकाने ढकलून दिला. सुपडू भाऊ दुसऱ्या बाजूने वाकले आणि त्यांचा पाय घसरला. ते चाकाच्या बरोबर मागे पडले. उठता येईना.

मी जागचा हललो नाही. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच आहे. माझ्या डोक्यात एकच आलं — आता सगळ्यांना कळेल.

चाक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर राहिलं असेल. तेव्हा आवाज बदलला. मरत आलेलं इंजिन मोकळं झालं, जसं ड्रायव्हरने खालचा गियर टाकल्यावर होतं. पण गाडी पहिल्याच गियरमध्ये होती, त्याच्या खाली गियरच नाही. चाक थांबलं. मग पुढे फिरायला लागलं, अगदी हळू. गाडी चढ चढून गेली. मध्ये कुठेच अडकली नाही.

सुपडू भाऊ उठून बसले, पँट झटकली. "आज तर गेलोच होतो भो. घरची म्हणली असती, काम चुकवायले मेला."

सगळे हसले. पप्पा खाली उतरले. "म्या काहीच नाही केलं रे. फर्स्टमध्येच होती." मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. "तू म्हणला होता चढन म्हणून. चढली, पाह्य."

परत येताना मी मोबाइलवर वेग बघत होतो. कालपर्यंत ज्या आवाजाला गाडी साठने जायची, त्याच आवाजाला आता जेमतेम पन्नास. पप्पा म्हणाले, क्लच गरम झालाय. घरी पोचल्यावर उजेड होता तोवर चाक जॅकवर उचललं आणि खडूची खूण केली. दोन फेरे. शाफ्ट सातला थोडा कमी फिरला. चार वेळा मोजलं. दर वेळी तेच. म्हणजे आत सहा दात होते.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय होतो?

दुसऱ्या दिवशी पप्पा मावा जिलेबी घेऊन गॅरेजवर गेले, मला घेऊन. "लो चाचा, मूं मीठा करो. पोराचं गणित बरोबर निघालं." तेच ड्रायव्हर तिथे होते. एक जण चाचांना म्हणाला, "अब तुम भी कॉलेज में नाम लिखा लो." चाचा हसले. माझ्या पाठीवर कोपराने थोपटलं, शर्टला ग्रीस लागू नये म्हणून. "अच्छा है बेटा. हम ही गलत निकले." मी जिलेबी खाल्ली. खाली मान घालून पूर्ण खाल्ली.

कदाचित आजही गप्पच असतो. पण आठवड्याने पप्पांचे दोस्त भागवत काका घरी आले. असीरगडच्या खाली त्यांचा डंपर चालतो, दगड घेऊन कच्च्या घाटातून. त्यांनाही अ‍ॅक्सलचं काम काढायचं होतं. "इंजिनियर साहेब, मी पण सातच टाकतो. तुम्ही म्हणाल तसं."

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो तो घराबाहेरच पडलो आणि इतवारा मोहल्ल्यात चाचांच्या घरी गेलो. ते जेवायला बसत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — आरसी बुकाचं वजन, टायर, सुपडू भाऊ, खडूची खूण. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि स्वतः उठून हात धुतले. "चल. पहले खोल के देखते हैं."

चाचांनी फोन केला तसे पप्पा गाडी घेऊन गॅरेजवर आले, भागवत काकाही आले. गाडी खोलेपर्यंत त्यांनाही मी सगळं सांगितलं. अर्धा दिवस गेला. चाचांनी अ‍ॅक्सल खोलून पिनियन पुसला आणि मला म्हणाले, तूच मोज. सहा. चाचांनी मोजले, सहा. मोबाइलमधला फोटो उघडला, त्यात सात. फळीवरचा सहाचा जोड तिथेच होता, त्यावर धूळ. चाचांनी कुराणाची शपथ घेतली की त्यांनी हात लावला नाही, आणि मला ती शपथ नको होती. आठ दिवस तर आत सातच होते, नाहीतर गाडी तशी पळाली नसती. आणि त्या काळात गाडी पप्पांच्या नजरेबाहेर कधी गेलीच नाही.

भागवत काकांनीही दात मोजले. मग म्हणाले, "मी छहच टाकतो चाचा."

पप्पांनी मला एवढंच विचारलं, "म्हणजे तुले आधीच माहीत होतं?"

"हो."

"नाल्यात उतरलो तवाबी?"

"हो पप्पा."

त्यांनी पाना उचलून चाचांच्या हातात दिला. मी चाचांची माफी मागितली, सगळ्यांसमोर, जसं बोललो होतो तसंच. ते म्हणाले, हो जाता है. सुपडू भाऊंच्या घरीही जाऊन आलो. त्यांना मी काय सांगतोय ते नीट कळलं नाही, त्यांनी चहा पाजला.

गाडी त्याच सहा दातांवर चालतेय. इथे कुणी या कामातलं असेल तर सांगा, हे कसं होऊ शकतं. कॉलेजमध्ये सरांना विचारलं, ते म्हणाले तू मोजताना चुकलास. मीही तसंच म्हटलं असतं.

माझं शेवटचं वर्ष सुरू आहे. पप्पा रोज फोन करतात... जेवला का, झोप होते का, परीक्षा कवा आहे. मागच्या महिन्यात गाडीचा गियरबॉक्स खोलला होता, हे मात्र मला आईकडून कळलं.