बर्फाचा वास

काचेच्या उंच भांड्याच्या तळाशी जाडसर दळलेली कॉफी असते. तिच्यावर नुकतंच उकळून उतरवलेलं पाणी ओतलं की तपकिरी फेस फुगून वर येतो, आणि चपला काढण्याआधीच बोलायला लागणाऱ्या पाहुण्यासारखा वास त्या फेसाच्याही आधी येतो. बाहेर वैशाखाची दुपार. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं, खडोलीकडे पाळी बदलायला निघालेली कंपनीची बस आपली धूळ मागे ठेवून गेलेली, आणि माझ्या स्वयंपाकघरात हा वास ओट्यावरून उतरून जिन्याच्या दिशेने चालू लागलेला. मी तशात ते भांडं फडक्यात धरते आणि समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणीच्या नाकाखाली नेते. ती डोळे मिटते, मनापासून श्वास ओढते, थोडं थांबते आणि सांगते, "पानी शे."

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास गेला की चवही त्याच्यामागून जाते, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. तिने मसाला भाजायला घेतला की अख्खी इमारत शिंकायची आणि शिंकता शिंकता भुकेजायची. तीच आता भाकरीचा तुकडा मोडते आणि पुठ्ठा खाल्ल्यासारखी चघळून उरलेला ताटात परत ठेवते. करपलेलं कळत नाही म्हणून चुलीशी जायचं सोडलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज ओळखीचे वास देत राहा, येईल तेव्हा येईल. नाहीही येणार कदाचित. तिची सून गलोंड्याला कामाला जाते, संध्याकाळी परतते. तेव्हा दुपारची ही ड्यूटी माझ्याकडे आली.

कॉफीचं हे भांडं माझ्या नातीचं. फ्रेंच प्रेस म्हणतात त्याला. पुण्याहून सुट्टीला आली, मला शिकवलं आणि इथेच ठेवून गेली. मधोमध दांडा, दांड्याच्या टोकाला जाळी. कॉफी मुरली की दांडा खाली न्यायचा, गाळ तळाशी दबतो, वर स्वच्छ काळं पाणी उरतं. थंड कॉफीसाठी ती दुप्पट कडक करायची, कारण बर्फ वितळून तिला शहाणं करणारच असतो. आणि साखर गरम असतानाच घालायची, नाहीतर ती तळाशी रुसून बसते. पहिल्या खेपेला मी दोन्ही हातांनी दांड्यावर असा जोर दिला की कॉफी थेट छताला लागली. "आजी, सायकलची हवा भरत नाहीयेस तू," नात म्हणाली. "दाबू नकोस. हात नुसता ठेव, तो आपला आपण जातो." छतावरचा डाग मी पुसला नाही. माझ्या एकंदर स्वभावाचं एवढं नेमकं चित्र दुसरं कुठे मिळणार?

तो स्वभाव ऐन भरात होता तेव्हाची मी आठवली, की तिला कान धरून बाजूला घ्यावंसं वाटतं. लग्न होऊन नाशिकहून इथे आले. नवरा सूत कंपनीत इंजिनियर. एका गुजराती शेठची ही दोन मजली इमारत. वर साहेब लोक राहायचे, खाली मशीनवरचे कामगार. आमच्या अगदी खाली माझी हीच मैत्रीण राहायची. ती मला "वरची" म्हणायची, मी तिला "खालची", आणि त्या दोन शब्दांत मजल्यापेक्षा जास्त काही आहे अशी माझी ठाम समजूत होती. सिल्वासा म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा, असा चेहरा करून मी फिरायची. प्रत्येक वाक्य "आमच्या नाशिकला" इथून सुरू. दमणगंगा पाहिली तरी म्हणायची, आमच्या नाशिकला गोदावरी आहे. जणू काही ती मी माहेरून रुखवतात आणणार होते, तेवढी राहून गेली.

अशा या नाशिकच्या राणीने एकदा ठरवलं, की साहेबांच्या बायकांना घरी बोलवायचं आणि थंड कॉफी पाजायची. कृती एका मासिकातून कापून ठेवली होती. उंच ग्लास नव्हते. ते मी खालचीकडून मागून आणले. तिला मात्र बोलावलं नाही. ग्लासांना वर यायला परवानगी होती, ग्लासवालीला नव्हती. फ्रीज अजून घरात आला नव्हता, म्हणून बर्फ बाजारातून आणायचा. उन्हातून गेले, माझ्या त्या वेळच्या गुजरातीत "बरफ केटला?" असं विचारत विचारत बाजाराच्या अगदी टोकाला पोचले. तिथे दुधनी गावाकडून टोपल्या घेऊन आलेला एक माणूस बसला होता. त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं, लादीचा एक ढेपा फोडला, गोणपाटात गुंडाळून दिला. टोपल्यांत काय आहे हे मी पाहिलं नाही. नाक होतं, पण ते वर धरलेलं. आणि आमच्या घरी लसणाचंसुद्धा कौतुक नव्हतं. माशाचा वास कसा असतो हे मला कुठून ठाऊक असणार? बर्फाला जरा रानटी वास येतोय हे मला जाणवलं होतं, तुम्हाला सांगते. पण तो या गावाचाच वास असणार, असं मी ठरवून टाकलं आणि आणखी थोडं नाक मुरडलं.

बायका आल्या. कॉफी दिली. पहिल्या घोटानंतर खोलीत फार सभ्य शांतता पसरली. एक म्हणाली, वेगळीच चव आहे हं. दुसरीने चक्क कृती विचारली. मी फुलून सांगायला लागले, तेवढ्यात खालची दारात आली. बसायला कमी पडेल म्हणून आपल्या घरची खुर्ची घेऊन, न बोलावता. आता आलीच आहे तर, म्हणून मी तिच्या हातात तिचाच एक ग्लास दिला. तिने तो तोंडाला लावला नाही. नुसता नाकापाशी नेला आणि शांतपणे म्हणाली, "वं माय, हाऊ बरफ मासासना शे."

मग तिने सगळ्यांच्या रिकाम्या ग्लासांवरून नजर फिरवली आणि पुढे जोडलं, "चार बायास्ना पोटमा मासा गया, पन एकीलेबी काटा टोचना नही."

साहेबांच्या बायका कशा गेल्या ते विचारू नका. त्या गेल्यावर मी मोरीपाशी बसून रडत होते आणि ती शेजारी बसून चिंचेने ग्लास घासत होती. घासता घासता तिचे खांदे हलायला लागले. ही माझ्यासाठी रडतेय की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर बाई हसत होती. मग मलाही आवरेना. त्या मोरीत माझं नाशिक वाहून गेलं, ते पुढे माहेरपणापुरतंच परत आलं.

त्यानंतर इतकी वर्षं या घराला वेगळं नाक लागलंच नाही. खालून हाक यायची, "वरची, तुनं दूध लागी ऱ्हायनं," आणि मी धावत जाऊन पाहावं तर दूध खरंच तळाला धरायला लागलेलं. डाळ शिजली की नाही, लेकीला ताप भरतोय की नुसतं नाटक, सगळं तिला वासावर कळायचं. नवरे दोघींचेही गेले. वरचं-खालचं फक्त जिन्याच्या पायऱ्यांपुरतं उरलं. आता ते नाक गेलं, तर ते एकटीचं कसं म्हणू?

म्हणून रोजची कॉफी. लिंबू झालं, हिंग झाला, तिचाच मसाला झाला. सगळं "पानी". मग एके दिवशी ती जिना चढून आलीच नाही. मी खाली गेले, तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "मनं नाक मरी गयं. आते हाई नाटक पुरे कर."

वर येऊन मी बराच वेळ त्या काचेच्या भांड्याकडे पाहत बसले. डॉक्टरांनी ओळखीचे वास सांगितले होते. कॉफी माझ्या ओळखीची. तिची आणि कॉफीची ओळख कुठून झाली होती? मग ती मोरीतली दुपार आठवली, आणि माझ्या अंगात खोडी जागी झाली.

संध्याकाळी तिच्या सुनेला जिन्यात गाठलं आणि सुके बोंबील मागितले.

"काकू, तुमच्या फ्रीजमध्ये?" तिने डोळे मोठे केले. "पक्का ना? पछी, मागाहून मला बोलू नका. काका असते तर?"

"काका वर आहेत. तिथून नाक मुरडतील. दे तू."

बोंबील मी फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेला अगदी खेटून उघडेच ठेवले आणि काही दिवस दार उघडताना श्वास रोखून धरत गेले. मग एका दुपारी कॉफीचा सगळा संसार तबकात घालून तिच्याकडे खाली उतरले. तिच्यासमोर पाणी ओतलं, फेस वर आला. "पानी," ती न वळताच म्हणाली. मी साखर ढवळली. दांड्यावर हात नुसता ठेवला. तो आपला आपण गेला. ग्लासात बर्फ तडकला, वरून दुधाची धार सोडली, ती काळ्यात ढगासारखी उतरत गेली. तिला उठवून बसवलं, ग्लास हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत माझा ग्लास उचलला.

तिने एक घोट घेतला आणि थांबली. कपाळाला आठी पडली. ग्लास नाकापाशी नेला, दूर केला, पुन्हा नेला. मग माझ्याकडे वळली, आणि मोरीपाशी चिंच धरलेली ती बाई मला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा दिसली.

"वरची," ती म्हणाली, "तू परत मासावालाकडथीन बरफ लई उनी का?"

मी माझा ग्लास शेवटपर्यंत प्यायले. इतकी भयंकर कॉफी मी आयुष्यात दुसऱ्यांदाच प्यायले होते.

सगळं परत आलं असं नाही. दुसऱ्या दिवशी साधा बर्फ घातला तर पुन्हा पानीच. पण आता ती रोज जिना चढून येते, भांड्यावर वाकते आणि "पानी" म्हणायच्या आधी थोडी जास्त थांबते. एकदा म्हणाली, काहीतरी जळाल्यासारखं आहे, दूर कुठेतरी. कॉफी तशीच असते, मी म्हटलं. संध्याकाळी तिने अख्खी भाकरी खाल्ल्याचं सून सांगून गेली. बर्फाला स्वतःचा वास नसतो. ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा तो धरतो, आणि मग तो सहजासहजी जात नाही. मी या गावात आले तेव्हा बऱ्यापैकी गार होते. कुणाच्या शेजारी ठेवली गेले, हे माझं नशीब.

आज सकाळी केस विंचरत होते. खालून हाक आली, "वरची, तुनं दूध लागी ऱ्हायनं."

फणी टाकून मी धावले. गॅसवर काहीच नव्हतं. दूध अजून पिशवीतच होतं. क्षणभर ओट्यापाशी उभी राहिले, मग खिडकीतून खाली ओरडून सांगितलं, "उतरवलं गं, अगदी वेळेवर सांगितलंस."