वीस टक्के घट, वीस टक्के वाढ

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या मासिक सभेत मला साठ बायांसमोर वजनकाट्यावर उभं करण्यात आलं. सभा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. मी अंगणवाडी सेविका आहे. काटा गरोदर बायांच्या वजनाचा होता, तपासणीसाठी आणलेला. उभं करणारे आमचे साहेब होते, तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचे अधिकारी.

दरवर्षी सेविकांची आरोग्य तपासणी होते. तिचं माझं कार्ड त्यांच्या हातात होतं.

"मागच्या वर्षी चाळीस किलो," ते म्हणाले. "चढा."

मी चप्पल काढली आणि चढले. काट्यावर सेहेचाळीस आले.

"चाळिसावर सहा. पंधरा टक्के वाढ." त्यांनी हॉलकडे पाहिलं. "वस्तीतली पोरं वाळतात आणि बाई पंधरा टक्के वाढते. पोषण आहार कुठे जातो, शोधायला नको."

हॉल हसला. पहिल्या रांगेत शोभाताई होती, शेजारच्या गावची सेविका. दहा वर्षं आम्ही एकाच बसने सभेला येतो, एकाच डब्यातलं खातो. तीही हसली.

"उतरू का, साहेब?"

"थांबा. दिसू द्या सगळ्यांना."

हजेरी पूर्ण होईपर्यंत मी काट्यावर होते.

कार्डावर दोन ओळी होत्या. खालच्या ओळीत चाळीस, वरच्या ओळीत त्याआधीच्या वर्षीचे पन्नास. दोन ओळींच्या मध्ये मला टायफॉइड झाला होता. साहेबांनी खालची ओळ वाचली. पन्नासवरून सेहेचाळीस म्हणजे आठ टक्के घट. हे मला काट्यावर उभी असतानाच कळत होतं. मी बोलले नाही. आमच्या घरी गोंडी बोलतात. सभेत तोंड उघडलं की पर्यवेक्षिका मॅडम म्हणायच्या, "नीट मराठीत सांग वं बाई." बारा वर्षांत त्या हॉलमध्ये मी "हो मॅडम" यापलीकडे काही बोलले नव्हते.

टक्के मला शाळेत कोणी शिकवले नाहीत. आश्रमशाळेत सातवीला गुरुजींनी शेकडेवारीचा धडा सोडून दिला होता. "तुमाले कोणत्या ब्यांकेत बसाचं हाये," असं म्हणाले आणि पुढचं पान काढायला सांगितलं. आम्ही पान काढलं. वाईट वाटलं नाही, उलट एक धडा वाचला म्हणून बरं वाटलं. ते वाईट वाटणं वीस वर्षांनी आलं.

ते सोनीमुळे आलं. सोनी आमच्या वस्तीतली, अडीच वर्षांची. तिची आई मंदा शेतात मजुरीला जाते. एप्रिलमध्ये सोनीचं वजन दहा किलो होतं. जूनमध्ये तिला हगवण लागली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवली. जीव वाचला. घरी आली तेव्हा काट्याच्या झोळीत आठ किलो भरली. वीस टक्के घट. तिचं नाव कुपोषित बालकांच्या यादीत गेलं. यादीत नाव असलं की रोज एक अंडं, एक केळं आणि जादा खिचडी मिळते. नाव निघालं की ते बंद.

मी तिला रोज माझ्यासमोर बसवून खाऊ घातलं. ती आधी पिवळं खायची. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ती नऊ किलो सहाशे भरली.

वजन मोबाईलमधल्या ॲपवर भरलं. ॲपने लिहिलं, वीस टक्के वाढ. संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"वीस टक्के उतरली होती, वीस टक्के चढली. झाली बराबर. नाव काढून टाकू आता."

"मॅडम, दहा नाई झाली अजून."

"वीस गेले, वीस आले. आता का राह्यलं?"

फोन ठेवल्यावर मी डब्यातून दहा हरभरे काढले. दहाचे वीस टक्के म्हणजे दोन. दोन बाजूला केले. आठ राहिले. आता आठाचे वीस टक्के. पुन्हा दोन ठेवायला हात गेला आणि थांबला. आठाचे वीस टक्के दोन होत नाहीत. एक होतो, आणि दुसऱ्याचा अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा. मी हरभरा दाताने तोडून ठेवला. दहा भरले नाहीत. मला वाटलं माझंच चुकलं. तीनदा केलं. तीनदा तेवढेच आले.

घट दहावर मोजली होती. वाढ आठावर. दोन्हीकडे आकडा वीस. मधले चारशे ग्रॅम कोणाच्याच रकान्यात नव्हते. शिवाय सोनी पाच महिन्यांनी मोठी झाली होती. तिचं वजन दहाच्याही पुढे जायला हवं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती सभा झाली.

काट्यावरून उतरून मी मागच्या रांगेत जाऊन बसले. मॅडम यादी वाचत होत्या. ज्यांची नावं कमी करायची ती यादी. पाचवं नाव सोनीचं आलं. "घट वीस टक्के, वाढ वीस टक्के, पूर्ववत," मॅडमनी वाचलं. साहेबांनी पेनाने खूण केली.

तेव्हा मला दिसलं. मला काट्यावर चढवलं तेव्हा चाळिसापासून मोजलं. सोनीला यादीतून काढलं तेव्हा आठापासून मोजलं. दोन्ही वेळा वरची ओळ कोणी वाचली नाही. आम्ही सगळ्यांत खाली गेलो होतो तिथून आमची मोजणी सुरू होत होती.

मी उभी राहिले.

"सोनी पूर्ववत नाई झाली, साहेब."

"काय?"

"दहाची आठ झालती. आता नऊ सहाशे हाये. चारशे कमी."

"बसा खाली. ॲप चुकतं का?"

"ॲप बराबर हाये. वीस टक्के आठाचे हायेत. गेलते ते दहाचे."

कोणीतरी हसलं. साहेबही हसले. त्यांनी फळ्याचा पेन उचलून पुढे केला. "या. शिकवा आम्हाला. तुमच्याकडे मोहफुलं टक्क्यांनी मोजतात वाटतं."

मी फळ्यापाशी गेले. दहा लिहिले. खाली आठ. खाली नऊ किलो सहाशे. बाजूला लिहिलं, परत दहावर जायला पंचवीस टक्के लागतात. मग त्याच फळ्यावर शेजारी पन्नास लिहिले. खाली चाळीस. खाली सेहेचाळीस.

"हे माहं कार्ड हाये," मी म्हटलं. "वरची ओळ वाचा. आठ टक्के घट हाये. लेकरायचं मी खाल्लं असतं तं पन्नास तरी भरली असती."

या वेळी कोणी हसलं नाही. शोभाताई मोबाईल काढून गणित करत होती. तिने मान वर केली आणि हलकेच म्हणाली, "बराबर हाये तिचं."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. त्यांना गणित कळलं होतं. तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण जिल्ह्याला अहवाल गेलेला आहे. तालुका शंभर टक्के पूर्ववत आहे. आता तो बदलत नाही. सही करा."

नाव कमी करताना सेविकेची सही लागते. यादी माझ्यासमोर ठेवली. मी सही केली नाही. मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "काऊन अडून राह्यली वं? एका पोरीसाठी नोकरी घालवतं का?" मी पेन टेबलावर ठेवला.

परतीच्या बसमध्ये शोभाताई माझ्या शेजारी बसली. अर्ध्या वाटेवर बोलली. "मी हासली नसती तं पुढचा नंबर माहा होता."

"मले माहीत हाये," मी म्हटलं. ती तिच्या गावाला उतरली.

आठ दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. सभेत उद्धट वर्तन, वरिष्ठांचा आदेश न पाळणे. मी दोन ओळींचं उत्तर दिलं. पहिल्या ओळीत एप्रिलचं वजन लिहिलं, दुसऱ्या ओळीत सप्टेंबरचं. त्या उत्तराला उत्तर आलेलं नाही.

सोनीचं नाव माझ्या सहीशिवाय निघालं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून तिचं अंडं बंद झालं. मंदा तिला कडेवर घेऊन दारात आली.

"ताई, सोनीचं अंडं काऊन बंद केलं? तिनं काई केलं का?"

"नाई. तिचं वजन पूर्ववत झालं म्हणते."

"म्हणजे?"

"कागदावर ती दहा किलोची झाली."

मंदाने सोनीला कडेवरून उतरवून माझ्यासमोर उभी केली. "मंग हे कोन हाये?"

मी सोनीला झोळीत बसवलं आणि तोललं. त्या दिवशी मी अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगाने चार आकडे लिहिले. एप्रिल, दहा. जून, आठ. सप्टेंबर, नऊ सहाशे. ऑक्टोबर, नऊ पाचशे. टक्के लिहिले नाहीत. यादीतून निघालेली वस्तीतली आणखी दोन लेकरं होती. त्यांचेही आकडे लिहिले, अगदी वरच्या ओळीपासून. बाया पाणी भरायला जाताना थांबून वाचू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं.

डिसेंबरमध्ये पत्र आलं. विषय होता, शासकीय इमारतीच्या भिंतीवर अनधिकृत आकडेवारी लिहिल्याबाबत. भिंत सोमवारपर्यंत पुसून तसा फोटो पाठवायचा होता. पत्रासोबत मॅडमनी चुन्याची बादली आणि ब्रश पाठवला. फोनवर त्या म्हणाल्या, "पुसून टाक वं माय. मी तुह्या भल्याचं सांगून राह्यली." त्या भल्याचंच सांगत होत्या. मी "हो मॅडम" म्हटलं नाही.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी मी सोनीला तोललं. नऊ किलो तीनशे पन्नास. तो आकडा भिंतीवर लिहिला आणि खाली माझी सही केली. बादलीचं झाकण उघडलेलं नाही.