किल्ल्याचा दरवाजा

आमच्या नदीकाठच्या गावातल्या किल्ल्याचा दरवाजा दुरुस्त झाला, त्या सोहळ्याला मी गेलो होतो. कोंडिबा नाईकही धुवट धोतर नेसून आले होते. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तोच दरवाजा राखला होता. नव्या पाटीवर किल्ला बांधणाऱ्यांची नावं होती, यांचं नव्हतं.

रखवालदारानं त्यांना अडवलं. "बाबा, निमंत्रण आहे का?"

"आमच्याच दाराला आम्हांला निमंत्रण?" ते हसत म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या एका शब्दानं काम झालं असतं. पण शहरातल्या पाहुण्यांसमोर मला संकोच वाटला, मी मान वळवली. कोंडिबा नदीकडे उतरून गेले.

आत वक्ते सांगत होते, वारसा माणसांमुळे टिकतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.