यायचा राहिलेला डबा

कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून कॉफी टाकायला जाते. सगळी नोकरी मुलींना विज्ञान शिकवण्यात गेली... "पुरावा काय?" हा माझा ठरलेला प्रश्न. स्टाफरूममध्ये तर माझं नावच 'पुरावाबाई' पडलं होतं. तेव्हा आता जे लिहितेय ते वाचून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसणार, हे मला ठाऊक आहे. हसू देत.

गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही बेंगळूरच्या कॉटनपेटेत एका वठारात राहायचो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं घरं, मधे विहीर आणि बाहेर पडायला एकच दार. आमच्या पिढ्या इथंच गेल्या. माझा मोठा भाऊ, अण्णा, कोट शिवायचा. त्याच्या हातचा कोट अंगात घातला की माणसाचा पाठीचा कणा आपोआप सरळ होतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. घरात अण्णा, वैनी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी नुकती शाळेत लागले होते.

अण्णाला क्षय झाला. आधी साधा खोकला, मग ताप, मग एक दिवस रुमालावर रक्त. हॉस्पिटलात खाट फुकट मिळाली, पण सुया आणि गोळ्या बाहेरून आणायच्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषध मधेच तोडलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका, उपयोग व्हायचा नाही." माझा पगार हातात पडायच्या आधीच संपायचा. वैनीच्या पाटल्या गेल्या, मग आईची नथ गेली. औषधवाल्याची चिठ्ठी मात्र दर वेळी आधीपेक्षा मोठी.

वठारातली माणसं सोन्यासारखी. क्षयाच्या घरावरून त्या काळी लोक तोंडाला पदर लावून जायचे, पण आमच्याकडे रोज कुणाचं तरी भांडं यायचं. कुणाची भाकरी, कुणाचा भात, आणि शेजारच्या कमलक्काचं सारू, म्हणजे पातळ सार, तर हटकून. कमलक्का कन्नड बाई, पण आमच्यात राहून मराठी फाडफाड बोलायची.

आणि इथंच आमच्या वैनीचं घोडं अडलं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरात साखर होती ती हॉस्पिटलात अण्णाला पाठवायच्या दुधापुरती. आणि असती तरी क्षयाच्या घरची साखर कोण तोंडात घालणार? म्हणून वैनी प्रत्येक भांडं उकळत्या पाण्यातून काढायची, चिंचेनं लख्ख घासायची आणि फळीवर मांडून ठेवायची. परत मात्र करायची नाही! बघता बघता अख्ख्या वठाराची भांडी आमच्या फळीवर जमली.

"अय्यो वैनी," एक दिवस कमलक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता मी सारू कशात करू? माझ्या कपाळात? द्या की हो रिकामीच!"

"रिकामं भांडं माझ्या हातून नाही जायचं, अक्का."

"मग स्वल्प पाणी घालून द्या!"

आम्ही हसलो. वैनी नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कुणाचं काही घेणंच बंद केलं. "परत करता येत नाही ते घेऊ कशी?" एवढंच म्हणायची. आमच्या शिंपी समाजातल्या मंडळींनी औषधासाठी वर्गणी काढली होती, तीही तिनं हात जोडून नाकारली. आणि अण्णाचं मशीन विकायला काढलं. मला रडू कोसळलं. अहो, अण्णा बरा झाला तरी मग करणार काय? पण तिचं एकच... "आधी माणूस राहू दे, मशीन मागनं बघू."

शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक मशीन न्यायला येणार होतं. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी होते. मुली झोपल्या होत्या, वैनी आत गोळ्यांची पुडी पुनःपुन्हा उलगडून बघत होती. औषध सोमवारपर्यंतच पुरणार होतं. इतक्यात दारात कुणीतरी हाक मारली. "अंबक्का आहेत का?"

अंबक्का म्हणजे माझी आई, अंबूबाई. दारात तिशीची एक बाई उभी होती. अंगानं किडकिडीत, निळं चौकड्यांचं लुगडं, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. मी म्हटलं, "आई गेली हो. बरीच वर्षं झाली."

तिनं आत एकवार नजर फिरवली. मग म्हणाली, "असू दे. घर तेच ना?" आणि पदराखालून एक पितळी डबा काढून तिनं माझ्या हातात दिला. "रिकामा कसा देऊ, म्हणून राहिला. उशीर झाला."

डबा चांगला गरम होता. दारात आलेली बाई, पाणी तरी दिल्याशिवाय कशी जाऊ द्यायची? मी वैनीला पाणी आणायला हाक मारली, मागं वळले... आणि दारात कुणीच नाही!

मी धावत वठाराच्या दारापाशी गेले. तिथं उंबऱ्यावरच कमलक्का सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय कुणी बाहेर जाऊच शकत नव्हतं. "कोण बाई? जेवल्यापासून मी इथंच आहे. मांजरसुद्धा आलं नाही," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या डब्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचे हात थांबले. झाकणावर नाव घातलेलं होतं... अंबूबाई.

"भुवईवर खूण होती काय गं तिच्या?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली.

मग तिनं सांगितलं ते असं. माझ्या जन्माआधी शेवटच्या खोलीत गौराक्का म्हणून राहायची. नवऱ्याला हेच दुखणं. माझी आई रोज याच डब्यातून त्याला पेज पाठवायची. नवरा गेला, आणि गौराक्का कुणाला न सांगता होसूरला माहेरी निघून गेली. वर्षाच्या आत तीही त्याच दुखण्यानं गेली. "बाराव्याला तुझी आई आणि मी बसनं गेलो होतो. डबा तिथं फळीवर दिसत होता. अंबक्कानं नाही मागितला. म्हणाली, ज्या दिवशी भरेल त्या दिवशी येईल."

आम्ही डबा उघडला. आत गोड सांजा होता, तुपातला, वाफ निघत होती. कमलक्का म्हणाली, "शिवू नका गं!" वैनीनं मात्र डबा जवळ ओढला. मग एकदम रडायलाच लागली... अण्णाच्या दुखण्यात मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे उशिरा दिलं तरी चालतं," ती म्हणाली. "सासूबाईंनी थांबायचं ठरवलं, गौराक्का मेली तरी विसरली नाही. आणि मी इथं जिवंत असून हात आखडून बसले."

ती उठली. फळीवरची सगळी भांडी खाली काढली आणि प्रत्येकात चमचाभर सांजा घातला. पुरला. त्यात चमत्कार नाही, डबा मोठा होता. पहिलं भांडं तिनं कमलक्कापुढे धरलं. क्षयाच्या घरचं, वर असल्या हातून आलेलं! कमलक्कानं देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि सांजा तोंडात टाकला.

"सरी, ठीक आहे," म्हणाली, "वेलची जरा जास्त झालीय."

संध्याकाळी मशीनचं गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. वैनीनं समाजाची वर्गणी घेतली, औषध तुटलं नाही. अण्णा बरा झाला आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच मशीनवर त्यानं त्या मंडळींच्या पोरांचे लग्नाचे कोट शिवले.

मी स्वस्थ बसणारी नव्हे. होसूरला जाऊन आले. त्या घरात दुसरेच लोक होते, गौराक्काला मूलबाळ नव्हतं, डब्याचं कुणाला काही माहीत नव्हतं. कमलक्काचा डोळा लागला असेल, कुणी थट्टा केली असेल, सगळं लावून पाहिलं. पण इतकी वर्षं पडून राहिलेल्या त्या डब्याच्या आत नवीकोरी कल्हई कुणी करून घेतली? पुरावाबाईकडे उत्तर नाही.

डबा आता माझ्याकडेही नाही. मागं आमच्या समोरच्या घरात कॅन्सरचं दुखणं आलं. मी त्यातून रोज खिमट पाठवायची. मग ते लोक औषधपाण्यापायी घर विकून निघून गेले, डबा त्यांच्याबरोबर गेला. सून म्हणते, फोन करून मागून घ्या ना, आजीची आठवण आहे.

मी नाही मागितला. येईल.