माडीचं हॉटेल आणि दगडाबाईची टोळी

आष्टीच्या बाजाराच्या रस्त्यावर निजामाच्या काळातलं एक दुमजली दगडी हॉटेल आहे. पाटीवरचं नाव कधीच पुसलं. सगळे त्याला माडीचं हॉटेल म्हणतात. आता खाली कबुतरं आणि वर भिंतीतून फुटलेला पिंपळ. मालक अर्जुनराव वारल्यापासून त्यांच्या मुलांचं एकमत होईना. एकाला तिथं लॉज काढायचंय, दुसऱ्याला गाळे, तिसऱ्याला विकून मोकळं व्हायचंय. अधूनमधून कोणीतरी 'इमारत धोकादायक' अशी नोटीस चिकटवून जातं आणि बाजारातल्या शेळ्या ती खाऊन टाकतात.

या हॉटेलचा अभिमान मालकांपेक्षा दगडाबाईला जास्त. दगडाबाई ऊसतोडीच्या टोळीची मुकादम. बाई मुकादम म्हटलं की लोक अजून भुवया उडवतात. उडवोत बापडे. त्यांनी जन्मात खाल्ला नसेल एवढा ऊस तिनं तोडलाय.

ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. दसरा झाला की कारखान्याला निघालेले टोळ्यांचे ट्रक या हॉटेलपुढे थांबत. गडी उतरून आत ऐसपैस बसत. बाया मात्र ट्रकमध्येच, मांडीवर पोरं घेऊन. त्यांना किटलीतून चहा पोचवला जाई, तोही पार निवलेला. त्या वर्षी दगडाबाईचं डोकं सणकलं. ती ट्रकमधून उतरली, गड्यांमधून वाट काढत जिना चढली आणि माडीवरच्या खुर्चीत जाऊन बसली. खाली तिचा नवरा आश्रुबा नुसता घाम पुसत राहिला. अर्जुनराव स्वतः वर आले.

"काय पायजे बाई?"

"च्या. कपबशीत. अन् गरम."

अर्जुनरावांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग कठड्यावरून वाकून पोऱ्याला ओरडले, "च्या आण रे वर! अन् ट्रकातल्या बाकीच्या बायांला बी बोलीव, त्यांनी काय घोडं मारलंय?"

त्या हंगामापासून माडी बायांची झाली. हॉटेल बंद पडेपर्यंत त्यांना तिथून उठवायची कोणाची टाप नव्हती.

यंदा श्रावणात भर बाजारात बजरंग गुत्तेदारानं दगडाबाईला गाठलं. टोळीतल्या चार बाया सोबत होत्याच.

"मावशी, काम आणलंय. माडीचं हॉटेल उतरवायचंय. जागेचं काय करायचं ते भावाभावांत अजून ठरंना, पर सागवान अन् घडीव दगड आदी इकायचं म्हणतेत. मशीन घातली तर समदा चुरा हुईल. अलगद काढायला तुमच्या टोळीवानी माणसं न्हाईत."

रिकाम्या दिवसांत चालून आलेलं काम. बायांचे चेहरे उजळले. दगडाबाईनं एकदा माडीकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"कावून?"

"दुसरी माणसं बघ."

घर येईपर्यंत तिचा ताठा उतरला. आपण एकटीनं सगळ्या टोळीच्या पोटावर पाय दिला, हे तिला वाटेत कळलं. टोळीतल्या मनिषाचा नवरा उसाची मोळी घेऊन पडल्यापासून कंबर धरून घरी बसलेला. काम तिला सगळ्यांत जास्त हवं होतं. संध्याकाळी दगडाबाईनं बायांना गोळा केलं.

"न्हाई मी म्हणले, तुमी न्हाई. ज्यांना जायचं त्यांनी जावा. बजरंगला निरोप धाडलाय, सकाळी जीप यील. हंगामात तुमची जागा तुमचीच."

बाया पदर सावरत उठायला लागल्या. मनिषा तर मान खाली घालूनच उठली.

सकाळी जीप चौकात येऊन उभी राहिली. दगडाबाई दारातूनच बघत होती. भाकरीचं गाठोडं घेऊन मनिषा सरळ जीपकडे निघाली, मागून बाकीच्या. दगडाबाईला राग आला नाही, पण रडू फुटेल असं वाटलं.

मनिषा जीपपाशी थांबली. चढली नाही.

"गुत्तेदार, माझी आई सुंदरबाई कडा गावाहून मावशीच्याच ट्रकात बसली हुती. गरवार हुती. माडीवर पयल्यांदा बाया बसल्या, तवा तिच्या पोटात मी हुते. तितं घण घालू व्हय मी?"

बजरंगनं बाकीच्या बायांकडे पाहिलं. एकीनंही पाय उचलला नाही.

"मला काय, दुसरी टोळी गावंल," तो म्हणाला.

"गावंल की. आमची न्हाई गावायची."

जीप रिकामी गेली. दगडाबाईला ती पोटुशी बाई आठवली. ती जिना चढून येताना वरून आपणच तिला हात दिला होता. ती धावतच चौकात आली.

"अगं, मग काल तोंडाला काय कुलूप घातलतं?"

"इतकी वरसं तू एकलीच मिरवायलीस, मावशे," मनिषा गाठोडं कमरेवर घेत म्हणाली. "आज आमाला बी मिरवू दे की. चल, कुणाचं खुरपायचं वावर हाय का बघू."