काकूच्या गालावरची सावली

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या काकूला ओळखत नाही.

भोकरदनच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. मुलांना सांगतो: चेहऱ्यावरचा भाव ओठांत शोधू नका, उजेड कुठून पडतो ते बघा. समोरून पडला की माणूस मोकळा दिसतो. बाजूने पडून अर्धा चेहरा अंधारात गेला, की तोच माणूस काहीतरी सोसत असल्यासारखा वाटतो. हे मी कसं शिकलो ते मात्र सांगत नाही.

तेव्हा जालन्यात चित्रकलेचा कोर्स करत होतो, तिथेच मस्तगड भागात काकूकडे राहून. दुसऱ्या दिवशी कोर्सच्या स्पर्धेसाठी कोळशाने काढलेलं व्यक्तिचित्र जमा करायचं होतं. काकूला मागच्या दारात बसवलं. तीनच्या सुमाराला ऊन तिरपं आलं — उजवा गाल उजळला, डावा पार बुडाला. असा उजेड महिनाभर मिळाला नव्हता. "माझं नाक भोपळ्याएवढं काढू नको," ती म्हणाली. आम्ही हसलो.

तेवढ्यात आत तिचा फोन वाजला. तू हलू नको, म्हणत मीच उठलो. तीर्थपुरीहून तिचा भाचा होता. "आत्याला घेऊन जल्दी या. पप्पाचं काही खरं न्हाई. सारखं तिचंच नाव घेऊन राह्यलेत." निघतोच, म्हणालो. आणि — फोन बंदच करून ठेवला, परत येऊन बसलो. कुणाचा होता, तिने विचारलं. मोबाइल कंपनीचा, म्हणालो.

काय विचार केला मी? दहाच मिनिटं, एवढाच. मग अजून दहा. ऊन सरकत होतं आणि मी त्याच्या मागे. हनुवटीखाली काळं दाट केलं, डोळ्याची खोबण आणखी खोल केली. काकू निवांत होती हो! रात्री पिठलं टाकू का, म्हणून विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. ते फक्त मला माहीत होतं, आणि माझ्या हातातून तिच्या गालावर उतरत होतं. भाऊ शेवटच्या घटका मोजतोय अशी बाई मी काढत होतो — त्या बाईला न सांगता.

पावणेपाचला ऊन भिंतीवर गेलं, तेव्हा आत्ताच निरोप आला म्हणून तिला उठवलं. पोचलो सव्वासहाला. तो साडेपाचला गेला होता. तीनला निघालो असतो तर तासभर तरी त्याच्याजवळ बसली असती. भाच्याने दारातच विचारलं, इतका उशीर? फोनही बंद? बस मिळाली नाही, म्हणालो. आत काकूचा आक्रोश चालला होता, तिने ते ऐकलं नाही.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. सावलीतलं कारुण्य बघा, म्हणाले सर. मी ते बक्षीस घेतलं.

दोन माणसांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. लग्नकार्यात ती दोघं बोलत बसली की मी मधे जाऊन विषय बदलायचो. गेल्या महिन्यात पंगतीत काकू सगळ्यांसमोर भाच्याला म्हणाली, "पावणेपाचला तुझा निरोप आला अन् या पोरानं मला तसंच उठवलं. बिलकुल टाइम घालवला न्हाई. भावाच्या तोंडात पाणी घालणं माझ्याच नशिबात नव्हतं, मंग तो तरी काय करणार?"

तीनला फोन केलेला भाचा माझ्याकडे बघत राहिला.

काकूने माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली. मी ती खाल्ली.